आवाजावरून तोफ कशी सापडते: ब्रॅगच्या सहा मायक्रोफोनपासून स्वाती रडारपर्यंत

प्रश्न असा आहे: कारगिलच्या वेळी पाकिस्तानकडे तोफा शोधणारं रडार होतं आणि आपल्याकडे नव्हतं, हे अनेकदा वाचलं. मग रडारच नव्हतं त्या पहिल्या महायुद्धात टेकडीआडची तोफ कशी शोधत? नुसत्या आवाजावरून जागा कळते हे खरं आहे का, आणि कळली तर किती मीटरपर्यंत?

हो, खरं आहे. 1918 पर्यंत हे काम इतकं नेमकं झालं होतं की हवा अनुकूल असेल तर कित्येक किलोमीटर दूरची, कधीच न दिसलेली तोफ 25 ते 50 मीटरच्या आत नकाशावर टाकता येई. मात्र यात कानाला फारसं काम नाही. सगळा खेळ वेळ मोजण्याचा आणि जमिनीच्या मोजणीचा आहे. या दोन गोष्टी नीट समजल्या की रडारपर्यंतचा पुढचा इतिहास आपोआप उलगडतो, म्हणून त्यांच्यावरच जास्त लिहितो.

आधी ही गरज का पडली ते थोडक्यात. 1914 च्या ऑगस्टपर्यंत बऱ्याच बॅटऱ्या, म्हणजे तोफांच्या तुकड्या, उघड्यावर, शत्रू डोळ्यांना दिसेल अशा जागी तोफा लावत. 26 ऑगस्ट 1914 रोजी फ्रान्समध्ये ल कातोच्या लढाईत ब्रिटिशांनी अशाच मांडणीत 38 तोफा गमावल्या. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या तोफा उंचवट्यांमागे, झाडीत, गावांच्या आड गेल्या आणि नकाशावरून मारा सुरू झाला. खंदकातल्या सैनिकाचे सर्वाधिक बळी तोफगोळेच घेत होते आणि ते कुठून येतात हे कुणाला दिसत नव्हतं. विमानं होती, हवाई छायाचित्रं होती, पण ढग आले की विमान निरुपयोगी, आणि फोटोत दिसलेल्या खड्ड्यात तोफ खरंच आहे की लाकडी ओंडका, हे सांगणं कठीण.

आवाजाची कल्पना एकाच वेळी अनेकांना सुचली होती. जर्मनीत लिओ लोवेनस्टाइन या अधिकाऱ्याने 1913 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. फ्रान्समध्ये शार्ल नोर्दमान या खगोलशास्त्रज्ञाने प्रयोग मांडले आणि पॅरिसच्या मारे इन्स्टिट्यूटमधल्या ल्युसिएन बुलने त्यांच्यासाठी नोंद घेणारं यंत्र बनवलं. ब्रिटिशांनी 1915 मध्ये हे यंत्र घेतलं आणि काम सोपवलं विल्यम लॉरेन्स ब्रॅगकडे. वय 25. त्याच वर्षी क्ष-किरण आणि स्फटिकांच्या कामासाठी त्याला वडिलांसोबत नोबेल जाहीर झालं, आणि त्याच वर्षी त्याचा धाकटा भाऊ गॅलिपोलीला मारला गेला. ब्रॅगने आपलं ठाणं बेल्जियममध्ये ईप्रच्या दक्षिणेला, केमेल टेकडीच्या परिसरात मांडलं.

आता तत्त्व पाहू. तोफ उडाली की आवाज सगळ्या दिशांनी वर्तुळासारखा पसरतो. दोन मायक्रोफोन एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवले, तर तोफेला जवळ असलेल्याकडे तो आधी पोचतो. वेळेतला फरक गुणिले ध्वनीचा वेग म्हणजे दोन अंतरांतला फरक. दोन बिंदूंपासूनच्या अंतरांचा फरक कायम असेल तर तोफ अपास्त (हायपरबोला) नावाच्या एका वक्ररेषेवर कुठेतरी असते. मायक्रोफोनच्या दुसऱ्या जोडीकडून दुसरा अपास्त मिळतो. जिथे दोन्ही छेदतात तिथे तोफ.

आकडे घालून बघितलं की गोष्ट जास्त स्पष्ट होते. समजा दोन मायक्रोफोन 1500 मीटर अंतरावर आहेत, हवेचं तापमान 10 अंश सेल्सियस आहे. ध्वनीचा वेग 0 अंशाला सेकंदाला सुमारे 331.3 मीटर असतो आणि दर अंशाला साधारण 0.6 मीटरने वाढतो, म्हणून इथे तो 337.4 धरू. डावीकडच्या मायक्रोफोनला आवाज 1.10 सेकंद आधी आला. अंतरातला फरक झाला 371 मीटर. 371 भागिले 1500 म्हणजे 0.247, आणि हा ज्या कोनाचा साइन आहे तो कोन 14.3 अंश. म्हणजे दोन मायक्रोफोनच्या मध्यबिंदूवर उभं राहून लंबदुभाजकापासून डावीकडे 14.3 अंशांवर रेघ ओढायची, तोफ त्या रेघेवर. खरं तर ही अपास्ताची अनंतस्पर्शी रेषा आहे, म्हणजे दूर जावं तसा अपास्त जिच्या जवळ येत जातो ती सरळ रेषा; अपास्त नाही. 8 किलोमीटरवरच्या तोफेसाठी त्याने साधारण 8 मीटरची चूक होते आणि ती तक्त्यावरून काढून टाकता येते. त्यामुळे प्रत्यक्षात कुणी अपास्त काढत बसत नसे. मोठ्या फळ्यावर नकाशाचं ग्रिड आखलेलं असे, प्रत्येक जोडीच्या मध्यबिंदूला दोरा बांधलेला असे, आणि कडेला कोनांऐवजी थेट वेळेच्या फरकाच्या खुणा असत. दोरा खुणेवर ताणला की रेघ तयार.

आता चुकांचा हिशोब, कारण सगळं यश तिथे अडलेलं असतं. वेळ मोजण्यात सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तर अंतरात 3.4 मीटरचा फरक पडतो, आणि वरच्या मांडणीत 8 किलोमीटरवर तोफ 18 मीटर सरकते. तेवढं चालतं. पण हाताने स्टॉपवॉच दाबणाऱ्या माणसाची चूक सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग सहज असते. म्हणजे 180 ते 360 मीटर. जर्मनांनी बराच काळ माणूस आणि स्टॉपवॉच यांवरच भिस्त ठेवली आणि त्याची किंमत मोजली. त्यांच्याकडे बुद्धीची वाण नव्हती. पुढे नोबेल मिळवणारा माक्स बोर्न बर्लिनमध्ये याच प्रश्नावर काम करत होता. पण नोंद घेणारं यंत्र आघाडीवर असणं आणि नसणं यातला फरक हुशारीने भरून निघत नाही.

बुलचं यंत्र म्हणजे आइन्थोवेनचा तारेचा गॅल्व्हानोमीटर. डॉक्टर ईसीजी काढायला जे यंत्र वापरू लागले होते तेच. चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अतिशय बारीक तारा ताणलेल्या, एकेका मायक्रोफोनला एकेक तार. मायक्रोफोनकडून वीज आली की तार हलते. तारांची सावली सरकत्या सिनेफिल्मवर पडते, म्हणून फिल्मवर सहा समांतर रेघा उमटतात आणि आवाज आला त्या क्षणी त्या रेघेला वळण येतं. ट्यूनिंग फोर्कच्या कंपनावर चालणारं दातेरी चाक प्रकाश थांबवत राहतं, त्यामुळे फिल्मवर दर शंभराव्या सेकंदाला आडवी रेघ पडते. फिल्म तिथेच धुवायची आणि रेघा मोजायच्या. यंत्र दिवसभर चालू ठेवणं परवडत नसे, कारण फिल्म संपते. म्हणून मायक्रोफोनच्या पुढे, खंदकांच्या जवळ एक माणूस बसे. तोफ ऐकली की तो बटण दाबी आणि मागे यंत्र सुरू होई. तो पुढे असल्यामुळे त्याला आवाज आधी ऐकू येई आणि आवाज मायक्रोफोनपर्यंत पोचायच्या आत फिल्म धावू लागे.

हे सगळं 1915 च्या अखेरीस जागेवर होतं आणि तरीही चालत नव्हतं. अडचण मायक्रोफोनची होती. सुरुवातीचे कार्बन मायक्रोफोन टेलिफोनच्या जातीचे. माणसाचा आवाज, बंदुकीची गोळी, कुत्र्याचं भुंकणं त्यांना उत्तम पकडता येई, तोफेची खोल धमक मात्र जेमतेम. शिवाय लांब नळीच्या तोफेचा गोळा ध्वनीपेक्षा वेगाने येतो, आणि त्याच्यासोबत येते एक धक्कालहर, जिचा कडाका कानठळ्या बसवतो. हा कडाका तोफेच्या तोंडातून निघत नाही, उडत्या गोळ्यापासून वाटेत सतत निघत असतो. तो आधी पोचतो, मायक्रोफोनची तार जोरात हलवतो, आणि ती थरथरत असतानाच मागून आलेली खरी धमक तिच्यात बुडून जाते. कडाक्यावरून मोजलं तर जागा चुकीची येणार हे उघड आहे. हॉवित्झर या कमी वेगाने, उंचावरून मारा करणाऱ्या आखूड तोफांच्या बाबतीत हा कडाका नसतो, म्हणून त्या सापडत. ज्या सर्वांत त्रास देत त्या लांब पल्ल्याच्या तोफा निसटत.

तोफेच्या धमकेची वारंवारता फार कमी असते, बरीचशी कानाला ऐकूही न येणारी, पण हवेला ती जोराचा धक्का देते. ब्रॅगला हे संडासात बसल्यावर जाणवलं. बैठकीच्या भोकाखेरीज त्या खोलीतून बाहेर हवा जायला वाट नव्हती आणि जवळची तोफ उडाली की बसल्या जागी शरीर किंचित उचललं जाई. त्याच्या तुकडीत विल्यम टकर नावाचा कॉर्पोरल होता, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा भौतिकशास्त्रज्ञ. बारीक तापलेल्या प्लॅटिनम तारा हवेच्या झुळुकीने कशा थंड होतात यावर त्याने आधी काम केलं होतं. त्याची खाट झोपडीच्या भिंतीला लागून होती आणि तोफ उडाली की भिंतीतल्या फटीतून गार झुळूक तोंडावर येते हे त्याच्या लक्षात आलं. तिथून पुढचा मायक्रोफोन जन्मला. डबा किंवा बरणी घ्यायची, तिच्या तोंडात विजेने तापवलेली बारीक प्लॅटिनम तार बसवायची. धमकेची दाबलहर आली की हवा बरणीच्या तोंडातून आत-बाहेर ढकलली जाते, तार थंड होते, तिचा विद्युत रोध घटतो, व्हीटस्टन ब्रिजचा (रोधातला बारीक बदल दाखवणाऱ्या विजेच्या जोडणीचा) तोल जातो आणि गॅल्व्हानोमीटरची तार हलते. बंदुकीच्या आणि कडाक्याच्या झटपट लहरींनी तार फारशी थंड होत नाही. त्यांच्याकडे ती जवळजवळ दुर्लक्षच करते. 1916 च्या मध्यात हा मायक्रोफोन जोडला गेला आणि फिल्मवर सहा स्वच्छ वळणं दिसू लागली. या सगळ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर पाऊल माझ्या मते हेच. आवाज जास्त चांगला ऐकणारं उपकरण त्यांनी बनवलं नाही, नको ते ऐकूच न येणारं बनवलं.

मायक्रोफोनच्या मांडणीतही शहाणपण होतं. सहा मायक्रोफोन आघाडीच्या मागे, तिला समांतर अशा 8-9 किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात, शक्यतो वर्तुळाच्या कंसावर, सारख्या अंतराने. कंसावर का? शेकडो तोफा चालू असताना फिल्मवर वळणांची गर्दी होते आणि कुठलं वळण कुठल्या तोफेचं हे ओळखावं लागतं. मांडणी नियमित असेल तर एकाच तोफेची सहा वळणं फिल्मवर एका गुळगुळीत वक्ररेषेत बसतात. सरावलेला माणूस ती नुसत्या नजरेने उचलतो. सहा मायक्रोफोनच्या शेजारशेजारच्या जोड्या पाच, म्हणून फळ्यावर पाच रेघा. पाचही जवळपास एका बिंदूत मिळाल्या तर नोंद पक्की. चार मिळाल्या आणि पाचवी बाजूला गेली तर तिच्यातल्या एका मायक्रोफोनचं वळण चुकीचं वाचलंय. पाचही विस्कटल्या तर दोन तोफांची सरमिसळ झाली आहे आणि ती फिल्म बाजूला ठेवायची. त्या फिल्मवरून ओढूनताणून जागा काढायचा मोह आवरणं हा या कामातला मोठा गुण आहे, कारण चुकीच्या जागेवर दोनशे गोळे वाया जातात आणि खरी तोफ शाबूत राहते.

हवामानाने सर्वांत जास्त छळलं. तापमानात 5 अंशांची चूक झाली तर वरच्या उदाहरणात 18 मीटरचा फरक पडतो, आणि गंमत म्हणजे तोफ अगदी समोर असेल तर काहीच पडत नाही, कारण वेळेचा फरकच शून्य असतो. वारा मात्र कुणालाच सोडत नाही. 8 किलोमीटर यायला आवाजाला सुमारे 23.7 सेकंद लागतात. सेकंदाला 5 मीटर वेगाचा आडवा वारा या वेळात सगळं ध्वनिवर्तुळ जवळपास 120 मीटर बाजूला वाहून नेतो, आणि तोफ तेवढीच सरकलेली दिसते. म्हणून वाऱ्याची दुरुस्ती लागतेच. ती नेमकी करण्यासाठी ठाऊक असलेल्या जागी छोटे स्फोट करून तो आवाज मोजत आणि त्यावरून त्या तासाचा वारा-तापमानाचा एकत्र परिणाम काढत.

यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे वाऱ्याची दिशा. जमिनीलगत वारा मंद असतो आणि वर जोरात. आवाज वाऱ्याच्या विरुद्ध येत असेल तर त्याची लहर वर वळते आणि मायक्रोफोनच्या डोक्यावरून निघून जाते. वाऱ्यासोबत येत असेल तर खाली वाकते आणि स्पष्ट मिळते. पश्चिम आघाडीवर वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे ब्रिटिशांकडून जर्मनांकडे वाहतो. ब्रिटिशांच्या दृष्टीने ही नेमकी उलटी दिशा, आणि जोराच्या पश्चिम वाऱ्यात त्यांचे मायक्रोफोन जवळजवळ मुके पडत. धुक्याच्या शांत सकाळी, विमानं जमिनीवर आणि निरीक्षक आंधळे असताना, तीच ठाणी उत्तम काम करत.

बाकीच्या बिघाडांत पहिला क्रमांक तारांचा. सहा मायक्रोफोनपासून ठाण्यापर्यंत मैलोनमैल टेलिफोनची तार, आणि ती गोळ्यांनी रोज तुटायची. म्हणून तारा जोडणारी माणसं ही तुकडीतली सर्वांत जास्त उन्हा-चिखलात आणि माऱ्याखाली असलेली माणसं होती. दुसरा बिघाड मायक्रोफोनवरच्या झुळुकीचा: तापलेल्या तारेला तोफेची हवा आणि साधी हवा यात भेद कळत नाही, म्हणून बरणीभोवती जाळी आणि आडोसा करावा लागे.

आवाजाची जोडीदार म्हणजे चमक. रात्री तोफेच्या तोंडाची चमक तीन-चार निरीक्षण चौक्यांवरून पाहायची, प्रत्येकीने कोन मोजायचा आणि नकाशावर रेघा छेदायच्या. कागदावर हे आवाजापेक्षा सोपं आहे. अडचण एकच: चारही चौक्या एकाच तोफेकडे बघताहेत हे कशावरून? आघाडीवर मिनिटाला डझनभर चमका दिसत असतात. ब्रिटिश सैन्यातल्या हॅरल्ड हेमिंगने यावर जो उपाय काढला तो फार साधा होता. प्रत्येक चौकीला एक कळ, ठाण्यात प्रत्येक कळीचा एक दिवा. एक चौकी चमक पाहताच कळ दाबते, बाकीच्यांना टेलिफोनमध्ये गुणगुण ऐकू येते. ज्याची चमक आणि गुणगुण जुळत नाहीत तो दुसरी तोफ शोधतो. ठाण्यातले चारही दिवे एकदम लागू लागले की सगळे एकाच तोफेवर आहेत हे पक्कं, मग कोन घ्यायचे. चमकेला वाऱ्याचा त्रास नाही, धुक्याचा आहे. आवाजाला धुक्याचा त्रास नाही, वाऱ्याचा आहे. म्हणून दोन्ही ठाणी एकाच मुख्यालयाला जोडलेली असत, आणि दोन वेगळ्या रीतींनी एकच जागा आली की ती शत्रूच्या बॅटऱ्यांच्या यादीत पक्क्या शाईने जाई.

इथपर्यंत जागा सापडली. पण जागा सापडणं आणि तिथे गोळा पडणं यात बरंच अंतर आहे, आणि ते अंतर मोजणीदारांनी भरलं. मायक्रोफोन, चमकेच्या चौक्या आणि आपल्या तोफा या सगळ्यांची जागा एकाच ग्रिडवर, एकाच सर्वेक्षणातून आलेली असली पाहिजे. मायक्रोफोनची जागा नकाशावरून अंदाजाने 30 मीटर चुकीची घेतली, तर पुढचं शंभराव्या सेकंदाचं मोजमाप व्यर्थ. आपली तोफ नकाशावर चुकीच्या ठिकाणी असेल तर शत्रूची अचूक जागाही उपयोगाची नाही. त्यात प्रत्येक तोफेची नळी झिजलेली, म्हणून गोळ्याचा वेग तोफेगणिक वेगळा. दारूगोळ्याचं तापमान, हवेची घनता, वरचा वारा, या सगळ्यांच्या दुरुस्त्या. या सगळ्यांतून सुटायची एक युक्तीही ध्वनी-ठाण्यांनी शोधली होती. शत्रूच्या तोफेची फिल्म समोर ठेवायची, आपल्या तोफेने त्या जागेच्या आसपास गोळा टाकायचा, आणि त्या स्फोटाची फिल्म काढायची. दोन्ही आवाज त्याच हवेतून, त्याच मायक्रोफोनवर आलेले. वाऱ्याची, तापमानाची, मायक्रोफोनच्या जागेची चूक दोघांत सारखी, म्हणून ती आपोआप कटते. दोन फिल्मांवरची वळणं जुळेपर्यंत तोफेचा नेम सुधारत जायचा. ठाण्याचा हा सर्वांत अचूक उपयोग होता.

9 एप्रिल 1917 ला विमीच्या कड्यावर हल्ला होण्याआधी कॅनेडियन कोरचा प्रति-तोफखाना (शत्रूच्या तोफा शोधून गप्प करण्याच्या कामाचा) अधिकारी अँड्र्यू मॅकनॉटन याने आवाज, चमक, विमानं, निरीक्षणाचे फुगे आणि खंदकातल्या बातम्या एका टेबलावर आणल्या. तो पेशाने अभियंता होता आणि प्रत्येक बॅटरीसाठी पुरावा किती पक्का आहे याची वेगळी नोंद ठेवण्याचा आग्रह त्याने धरला. समोरच्या 83 टक्के जर्मन तोफा हल्ल्याआधी सापडलेल्या होत्या. 20 नोव्हेंबर 1917 रोजी कॉम्ब्रेला सुमारे एक हजार तोफांनी आधी एकही चाचणीचा गोळा न टाकता, फक्त मोजणीच्या भरवशावर मारा उघडला. 8 ऑगस्ट 1918 ला आमियाँसमोर जर्मनांच्या 530 पैकी 504 तोफा आधीच नकाशावर होत्या. पायदळ निघालं त्या क्षणी त्यांच्यावर गोळे पडू लागले. हेतू प्रत्येक तोफ फोडायचा नसतो. तेवढा दारूगोळा कुणाकडेच नसतो. तोफ एका थेट माऱ्याने मोडते, पण तिच्यावरची माणसं आडोशाला बसली, त्यांचे घोडे आणि दारूगोळा येईनासे झाले, वायूच्या गोळ्यांमुळे मुखवटे घालावे लागले, तरी हल्ल्याच्या पहिल्या दोन तासांपुरती ती गप्प होते. बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं.

शत्रूही शांत बसत नाही. खोट्या जागा, लाकडी तोफा, चमक कमी करण्यासाठी दारूत मिसळलेले क्षार, आणि आवाज लपवण्यासाठी शेजारच्या तोफांसोबतच तोफ उडवण्याचे आदेश. शेवटचा उपाय सर्वांत चांगला, पण त्यासाठी सगळ्यांनी एकाच क्षणी उडवावं लागतं आणि तसं करणाऱ्या तोफखान्याला हवा तेव्हा मारा करता येत नाही.

यंत्र नसेल तेव्हा खड्डाही बोलतो, आणि ही रीत आजही शिकवली जाते. टोकाला बसवलेल्या फ्यूजमुळे (स्फोट घडवणाऱ्या भागामुळे) आदळताच फुटणारा गोळा कमी कोनात पडला तर खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना तुकड्यांचे फवारे पंखांसारखे पसरतात आणि फ्यूज पुढे सरकून एक चर पाडतो. एक खुंटी खड्ड्याच्या मध्यात, दुसरी चराच्या टोकाला. दोन्ही खुंट्या एका रेषेत दिसतील असं पुढच्या बाजूला उभं राहून मागे नेम धरला की तोफेची दिशा मिळते. चर नसेल तर दोन्ही फवाऱ्यांच्या टोकांना, मध्यापासून सारख्या अंतरावर, खुंट्या मारून मधली दिशा काढायची. यात हमखास होणाऱ्या चुका तीन: जुना, पावसाने धुतलेला खड्डा घेणं, उतारावरचा खड्डा घेणं, आणि पोलादी तुकड्यांच्या मधोमध होकायंत्र ठेवणं. एका खड्ड्यावर विसंबू नये. किमान तीन ताजे खड्डे आणि दोन वेगळ्या ठिकाणच्या दिशा मिळाल्या तर छेद घेता येतो. गोळ्याचा तळाकडचा तुकडा सापडला तर व्यासही कळतो.

रडार आलं दुसऱ्या महायुद्धात, आणि पहिलं गिऱ्हाईक होतं उखळी तोफ. तिचा आवाज मऊ, चमक लपलेली, म्हणून जुन्या दोन्ही रीतींना ती दाद देत नव्हती. पण तिचा गोळा उंच आणि संथ जातो, रडारला आयता दिसतो. 1950 नंतरच्या अमेरिकन एएन/एमपीक्यू-4 सारख्या यंत्रांत आकाशात एकावर एक असे दोन झाडूसारखे पट्टे फिरत. गोळा खालचा पट्टा कुठे आणि कधी ओलांडतो, वरचा कुठे आणि कधी, हे दोन बिंदू घेऊन मार्ग मागे वाढवायचा. उखळीच्या गोळ्याचा मार्ग अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) जवळ असतो म्हणून दोन बिंदू चालून जात. तोफेचा गोळा वेगवान, मार्ग सपाट, हवेचा विरोध मोठा, तिथे दोन बिंदू पुरत नाहीत. त्यासाठी गोळा सतत टिपत राहणारं, शलाका (लहरींचा झोत) यांत्रिक हालचालीशिवाय फिरवणारं रडार लागतं. ते एएन/टीपीक्यू-36 आणि 37 या जोडीने सुमारे 1980 मध्ये सैन्यांच्या हातात आलं.

पाकिस्तानला टीपीक्यू-36 अमेरिकेकडून मिळालेली होती. 1999 मध्ये कारगिलला भारतीय बॅटऱ्यांना त्यांचा त्रास झाला. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या तोफा शोधणारं रडार नव्हतं, आणि 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतरच्या निर्बंधांनी अमेरिकेकडून घेण्याचा मार्ग बंद केला होता. निर्बंध उठल्यावर 12 टीपीक्यू-37 घेतली गेली. त्याच काळात बेंगळुरूच्या एलआरडीई या डीआरडीओच्या रडार प्रयोगशाळेने आकाश क्षेपणास्त्राच्या राजेंद्र रडारवरून आपलं रडार बांधायला घेतलं. तेच स्वाती, भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेलं. 81 मिमी उखळीचा गोळा 20 किलोमीटरपर्यंत, 105 मिमी तोफेचा 30 पर्यंत, रॉकेट 40 पर्यंत. एकाच वेळी 7 लक्ष्यांचा माग. 2020 मध्ये आर्मेनियाने 4 स्वाती विकत घेतली. हे सगळं चालवणारे गनर तयार होतात नाशिकजवळ देवळालीच्या तोफखाना शाळेत. ही शाळा 1941 मध्ये काकूलहून (आता पाकिस्तानात) तिथे आली.

डोंगरात मात्र रडारही सरळ चालत नाही. रडार क्षितिजाच्या किंचित वर शलाकेचं कुंपण उभं करतं आणि गोळा ते ओलांडतो तेव्हा पकडतं. समोर उंच कडा असेल तर कुंपणही उंच जातं, गोळा उशिरा दिसतो आणि न दिसलेला मार्ग गणिताने मागे न्यावा लागतो. शिवाय तो मार्ग जमिनीला कुठे टेकवायचा? त्यासाठी त्या जागेची उंची माहीत हवी. उंचीत 100 मीटरची चूक असेल आणि गोळा 45 अंशांत उडाला असेल तर जागा 100 मीटर चुकते. 20 अंशांत उडाला असेल तर 275 मीटर. म्हणून यंत्रात उंचीचा डिजिटल नकाशा भरलेला असतो, आणि तो नकाशा किती चांगला तेवढंच रडार चांगलं. मायक्रोफोनची जागा चुकीची घेतल्यावर ब्रॅगच्या ठाण्याचं जे होत होतं तेच इथे होतं.

रडारची दुसरी अडचण ही की ते स्वतः ओरडतं. त्याच्या लहरी पकडून त्याच्यावरच मारा करता येतो, म्हणून ते थोडा वेळ चालू, मग बंद, मग जागा बदल असं चालवतात. आवाज ऐकणारा मायक्रोफोन काहीच बाहेर सोडत नाही. त्यामुळे ही जुनी रीत मेली नाही. ब्रिटिशांनी हेलो नावाची नवी ध्वनी-यंत्रणा बोस्नियात वापरली, रशियाने पेनिसिलिन नावाच्या यंत्रणेत आवाज आणि उष्णता-कॅमेरे जोडले. तत्त्व तेच, फक्त फिल्मच्या जागी संगणक आणि तारेच्या जागी रेडिओ.

खरा बदल वेळेत झाला आहे. 1917 मध्ये जड हॉवित्झर हलवायला रात्र लागे, म्हणून आज सापडलेली जागा उद्याही उपयोगी पडे. आज के-9 वज्रसारखी स्वतः चालत जाणारी तोफ 15 सेकंदांत तीन गोळे उडवते आणि लगेच निघू शकते. रडार तिची जागा गोळा जमिनीवर पडायच्या आत सांगतं, पण उलट जाणाऱ्या गोळ्याला 20 किलोमीटर कापायला मिनिटभर लागतंच. त्यामुळे गोळा पडायला अडीच मिनिटं लागली आणि तोफ दोन मिनिटांत सुटली, तर सगळी अचूकता रिकाम्या शेतावर खर्च होते. आणि या साखळीत सर्वांत जास्त वेळ खाणारी कडी तांत्रिक नसते. त्या ग्रिडवर आपली गस्ती तुकडी किंवा आपलं हेलिकॉप्टर नाही ना, ही खात्री कुणीतरी करून हो म्हणेपर्यंतचा वेळ असतो तो.